पाणसुरुंग व ते काढणारीं जहाजें

बेलापूरलगत, पनवेलच्या खाडीच्या तोंडाशीं, दिवाळे हें कोळ्यांचें गांव आहे. या गांवच्या मुलांना डोलजाळें कसें लावतात हें सांगावयास नको. परंतु जे विद्यार्थी शहरांत वाढले, त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितों. खाडीच्या तळांत खुंट ठोकलेला असतो. खुंटाला दोर बांधलेला, दोराला जाळें, आणि जाळ्याचें तोंड उघडें राहावें म्हणून वर पाण्यावर तरंगणारीं पिंपें. कोळी घरीं निजलेला असला तरी भरती-ओहोटीचा ओघ आपलें काम करीत असतो व मासळी आपल्या पायांनीं, म्हणजे आपल्या परांनीं, जाळ्यांत येऊन पडते. तळाशीं वजन, मधें दोर आणि वर तरंगूं पाहणारी वस्तु, एवढी ही रचना नीट ध्यानांत धरली म्हणजे प्रस्तुत विषयाचा निम्मा भाग समजला असें म्हणावयास हरकत नाहीं. पाणसुरुंग म्हणजे मासळीऐवजीं जहाज धरण्यासाठीं लावलेली डोलच होय. फरक इतकाच कीं, ही डोल लावणारा पुन्हां तिच्याकडे फिरकत नाहीं, आणि आंत कोण सांपडलें याची तिला विचारपूस नसते.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असें कोणी समजूं नये. इ. स. १९१७ सालीं प्रत्यक्ष मुंबईच्या समोरील समुद्रांत असे सुरुंग पेरले गेले होते व त्यांवर आदळून मोठमोठ्या आगबोटी बुडाल्या होत्या. ती हकीकत आजच्या पिढीस फारशी ठाऊक नाहीं, म्हणून ती आधीं सांगतों.

पहिल्या महायुद्धांत इंग्रजांच्या आरमारानें जर्मनीचीं बंदरें कोंडून धरलीं होतीं. त्या कोंडींतून निसटून जाऊन दूरच्या समुद्रांत शत्रूचा व्यापार बुडवावा, या हेतूनें जर्मन लोकांनीं एक साधें मालवाहू जहाज तयार केलें. तें पूर्वीं हान्सा कंपनीचें ‘वाखटफेल्स’ या नांवाचें होतें. या कंपनीचीं जहाजें युद्धापूर्वीं हिंदुस्थानच्या बंदरांत नेहमीं येत जात असत. त्या जहाजाचें नांव बदलून ‘वुल्फ’, म्हणजे लांडगा, असें ठेवण्यांत आलें. त्यावर तोफा बसविल्या, पण त्या बाहेरून दिसूं नयेत अशी सोय केली; एक लहानसें समुद्रविमान घेतलें, त्यास ‘वुल्फशेन’, म्हणजे लांडग्याचें पिल्लूं, असें लाडकें नांव होतें; आणि पोटांत ४६५ सुरुंग भरले. कॅप्टन कार्ल नेर्गर याच्या हाताखालीं हें जहाज ३० नोव्हेंबर १९१६ रोजीं कील बंदरांतून निघालें. उत्तरेकडील थंडी व धुकें यांचा आडोसा घेत तें अटलांटिक महासागरांत उतरलें आणि जानेवारी १९१७ मध्यें आफ्रिकेच्या दक्षिण टोकापाशीं त्यानें पहिले सुरुंग सोडले. पुढें फेब्रुवारींत कोलंबोसमोर व नंतर मुंबईच्या वाटेवर त्यानें हेंच काम केलें. काम रात्रीं चाले. जहाज ओळखूं येऊं नये म्हणून त्याचें रूप वेळोवेळीं बदलीत. किनाऱ्यावरील दीपगृहें नेहमींप्रमाणें लागलेलीं होतीं, आणि त्यांच्याच उजेडावरून शत्रूला आपली जागा निश्चित करतां आली. आपण आपल्यासाठीं लावलेला दिवा चोराच्याही उपयोगीं पडतो, त्यांतला हा प्रकार.

कोलंबोसमोर १७ फेब्रुवारीस ‘वूस्टरशायर’ हें जहाज बुडालें व चारच दिवसांनीं ‘पर्सियस’ बुडालें. मुंबईसमोरचे सुरुंग मात्र बराच काळ दबा धरून बसले. पावसाळा तोंडावर आला तेव्हां त्यांचा प्रताप दिसूं लागला. ११ जून १९१७ रोजीं ‘सिटी ऑफ एक्झेटर’ ही प्रवासी आगबोट सुरुंगावर आदळली. तिच्या पुढच्या भागांत पाणी शिरलें, तथापि ती आपल्याच यंत्रांच्या जोरावर मुंबई बंदरांत पोंचली. त्याच महिन्यांत ‘क्रॉक्सटेथ हॉल’ हें जहाज बुडालें. २३ जून रोजीं पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ ही साडेनऊ हजार टनांची टपालबोट मुंबईच्या दक्षिणेस सुमारें पन्नास मैलांवर सुरुंगाला लागून फार थोड्या वेळांत तळास गेली. वीसांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. बाकीचीं होड्यांत बसून वांचलीं. ऐन मृगाचा समुद्र कसा असतो हें कोळीवाड्यांतील आजोबांना विचारावें, म्हणजे त्या होड्यांतील माणसांवर काय गुदरलें असेल याची कल्पना येईल. जुलैच्या अखेरीस ‘ओखला’ ही आणखी एक आगबोट याच टापूंत बुडाली.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशा आगबोटींवर साहेब अधिकारी असत खरे, परंतु भट्टीपुढें कोळसा ओढणारे, दोर ओढणारे, जेवण वाढणारे लोक बहुतेक आपल्याच देशाचे असत. कोंकणचे खलाशी आणि गोव्याचे बटलर पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करीत. इंग्रजी पुस्तकांतून ‘लास्कर’ या एका शब्दाखालीं ते सारे झांकले जातात. जर्मनीच्या बादशहाशीं त्यांचें कांहीं वैर नव्हतें.

‘वुल्फ’ मात्र कोणाच्या हातीं लागलें नाहीं. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या किनाऱ्यावरही सुरुंग पेरून, वाटेंत सांपडलेलीं जहाजें बुडवून व त्यांवरील माणसें कैद करून, ४५१ दिवसांनीं, २४ फेब्रुवारी १९१८ रोजीं, तें परत कील बंदरांत शिरलें. या सर्व काळांत त्यानें एकाही बंदरांत नांगर टाकला नव्हता. स्वतःच्या हातानें त्यानें चौदा जहाजें घेतलीं अगर बुडविलीं. पण त्याच्या सुरुंगांनीं जीं जहाजें बुडविलीं त्यांचें एकूण वजन या चौदांच्या जवळजवळ दुप्पट होतें. लांडगा निघून गेल्यावर त्याचे दांत मागें राहिले होते, आणि न्यूझीलंडजवळ ‘विमेरा’ हें जहाज बुडालें तेव्हां, म्हणजे जून १९१८ मध्यें, तो लांडगा घरीं पोंचून चार महिने होऊन गेले होते.

आतां हा सुरुंग असतो तरी कसा तें पाहूं. त्या काळचा साधा पाणसुरुंग म्हणजे मोठ्या रांजणाएवढा लोखंडी पोकळ गोळा. त्यांत स्फोटक दारू भरलेली असते, तरीही पुष्कळ जागा रिकामी राहते, म्हणून तो तरंगतो. त्याच्या अंगावर चारपांच अथवा अधिक शिंगें असतात. हीं शिंगें शिशाचीं, म्हणजे मऊ धातूचीं असतात, व प्रत्येकांत एक कांचेची नळी असते. नळींत आम्लयुक्त द्रव असतो. जहाज घांसून गेलें कीं शिंग वांकतें, आंतली नळी फुटते आणि द्रव खालीं असलेल्या जस्त व कोळशाच्या पट्ट्यांवर पडतो. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत बायक्रोमेटचा विद्युत्‌घट पाहिला असेल. तोच हा घट. द्रव पडेपर्यंत त्यांत वीज नाहीं, पडतांच वीज. ती वीज तारेवाटे केपाशीं जाते, केप उडते आणि तिच्या धक्क्यानें सारी दारू पेट घेते. ही युक्ति हेर्त्झ नांवाच्या जर्मनाची. तिच्यांतील खरी मेख अशी कीं, वापरून संपून जाईल अशी वीज आंत आधींपासून मुळीं नसतेच. त्यामुळें असा सुरुंग वर्षानुवर्षें पाण्यांत राहूनही जागा असूं शकतो.

मग लावणाराच्या हातांत तो कां फुटत नाहीं? त्यासाठीं आंत एक अडसर असतो. पाण्याचा ठराविक दाब पडल्याखेरीज, किंवा पाण्यांत विरघळणारी एखादी गुटी विरघळल्याखेरीज, विजेचा मार्ग जुळत नाहीं. तेवढ्या वेळांत पेरणारें जहाज दूर गेलेलें असतें.

यापेक्षांही मौजेची गोष्ट म्हणजे सुरुंग हव्या त्या खोलीवर उभा कसा राहतो ही. तो पाण्यावर दिसला तर शत्रू त्याला टाळील, फार खोल गेला तर जहाज वरून निघून जाईल. समुद्राचा तळ तर कोठें उंच, कोठें सखल. रात्रीच्या अंधारांत प्रत्येक ठिकाणीं खोली मोजून दोर कापीत बसणें शक्य नाहीं. म्हणून पुढील तोड काढण्यांत आली. सुरुंग आणि त्याचा नांगर, म्हणजे एक जड लोखंडी पेटी, हीं एकत्रच पाण्यांत टाकतात. पेटींत तारेचें रीळ असतें. पेटीखालीं एक लहान दोर लोंबत असतो व त्याच्या टोकाला शिशाचें वजन. समजा, सुरुंग पाण्याखालीं आठ फुटांवर राहावा अशी इच्छा आहे, तर हा लोंबता दोर आठ फूट ठेवावयाचा. पाण्यांत पडतांच सुरुंग वर तरंगत राहतो व पेटी खालीं बुडूं लागते. तशी रिळावरील तार सुटत जाते. पेटीच्या आधीं ते शिशाचें वजन तळाला टेंकतें. तें टेंकलें कीं त्याचा ताण जातो, आणि ताण गेला कीं रीळ अडकतें. आतां तार सुटावयाची थांबली, पण पेटी अजून तळापासून आठ फूट वर आहे. ती आपल्या जडपणानें तेवढी खालीं जाते, व जातांना वरच्या सुरुंगालाही आठच फूट खालीं ओढून नेते. तळ शंभर फुटांवर असो कीं दोनशें फुटांवर असो, हिशेब चुकत नाहीं. ज्या कोणाच्या डोक्यांतून ही कल्पना निघाली त्याच्या बुद्धीचें कौतुक वाटतें, आणि ती कोणत्या कामीं लागली तें मनांत येऊन कौतुक तोंडांतच राहतें.

परंतु भरती-ओहोटीपुढें या बुद्धीचेंही चालत नाहीं. मुंबईकडे उधाणाच्या वेळीं भरती व ओहोटी यांच्या पाण्यांत पंधरा फुटांच्या आसपास अंतर पडतें. ओहोटीला आठ फुटांवर असलेला सुरुंग भरतीला तेवीस फुटांवर जातो. अठरा फूट पाणी खाणारी आगबोट भरतीला त्यावरून सुखरूप जाईल व तीच ओहोटीला फुटेल. भांगाच्या दिवसांत अंतर कमी. शिवाय ओघ जोराचा असला म्हणजे सुरुंग सरळ न राहतां कलतो व आणखी खालीं दबतो; आपलीं पिंपें ओघांत गडप होतात तसाच. हें सारें दिवाळ्याच्या कोळ्याला पंचांग न पाहतां समजतें. आरमारी अधिकाऱ्यांना त्यासाठीं कोष्टकें करावीं लागलीं.

सुरुंग पेरण्यास एक रात्र पुरते. काढण्यास महिने लागतात. काढण्याची जुनी रीत फार साधी आहे. दोन लहान आगबोटी एकमेकींपासून कांहीं अंतरावर, बरोबरीनें चालतात आणि दोघींच्या मधें पाण्याखालून एक पोलादी तार ओढली जाते. तार सुरुंगाच्या दोरास अडकते, त्याला करवतासारखी कापते, आणि बंधन तुटलेला सुरुंग भस्सकन वर येतो. मग बंदुकीनें त्याच्या कवचाला भोंकें पाडून त्यास बुडवितात; गोळी शिंगाला लागली तर तो तेथेंच फुटतो. पुढें ‘ओरोपेसा’ नांवाच्या आगबोटीवर एक सुधारलेली रीत निघाली व तिचें नांवच त्या रीतीला पडलें. हिच्यांत दुसरी आगबोट लागत नाहीं. तारेच्या टोकाला फळ्यांची एक चौकट बांधतात. पतंग जसा वाऱ्याच्या जोरानें आपल्यापासून दूर ओढ घेतो, तशी ही चौकट पाण्याच्या जोरानें बाजूला ओढ घेते, व तार जहाजाच्या मागें तिरकी पसरली जाते. दुसरी एक चौकट तारेला खोल दाबून धरते, आणि टोकाशीं एक तरंगता बोया तार कोठवर पोंचली तें दाखवितो. तारेवर मधून मधून कातऱ्या बसविलेल्या असतात. अशीं पांचसहा जहाजें एकामागें एक, तिरक्या ओळींत चालतात. प्रत्येक मागलें जहाज पुढल्यानें झाडलेल्या पाण्यांतून जातें. सर्वांत पुढच्याच्या पुढें मात्र कोणी नसतो. त्याला न झाडलेल्या पाण्यांतूनच जावें लागतें. म्हणून हीं जहाजें थोडें पाणी खाणारीं बांधतात व शक्य तेव्हां भरतीच्या वेळीं काम करतात, म्हणजे सुरुंग त्यांच्या तळाखालीं राहावा.

व्यापारी जहाजांच्या नाकाडाला दोन्ही बाजूंस मासोळीच्या आकाराचे तरंगते पंख बांधून त्यांच्या तारेनें सुरुंग बाजूला सारण्याची ‘पॅराव्हेन’ नांवाची युक्तिही त्याच युद्धांत बर्नी या इंग्रज अधिकाऱ्यानें काढली. ती पुढें सर्रास वापरली गेली.

तार ओढीत जाणें हें काम जाळें ओढण्यासारखेंच आहे, ही गोष्ट इंग्रज आरमाराच्या लक्षांत युद्धापूर्वींच आली होती. ॲडमिरल बेरेस्फर्ड यांनीं ग्रिम्सबी बंदरांतील मासेमारीच्या आगबोटी पाहून असें सुचविलें कीं, सुरुंग काढण्यास हेच लोक व ह्याच बोटी उत्तम. इ. स. १९१० सालीं तशी राखीव तुकडी उभारण्यांत आली, आणि युद्ध सुरू होतांच शेंकडों मासेमारी बोटी आपल्या नाखव्यांसह या कामावर गेल्या. ज्यांनीं कधीं लष्करी कवाईत केली नव्हती, ज्यांना सलाम धड करतां येत नसे, अशा कोळ्यांनीं हें काम केलें. दोर ताणला म्हणजे तळाशीं काय लागलें हें त्यांच्या हातांना कळत असे. ही विद्या शाळेंत शिकवितां येत नाहीं. त्यांतले पुष्कळ परत आले नाहींत. युद्ध संपल्यावरही त्यांचें काम संपलें नाहीं. उत्तर समुद्रांत १९१८ सालीं सुमारें ७०,००० सुरुंगांचा जो बांध घातला होता, तो उपसण्यांत पुढच्या वर्षाचा मोठा भाग गेला.

कोळ्यांचा आणि सुरुंगाचा संबंध याहून दुःखाचाही आहे. इ. स. १९०४ सालीं रशिया व जपान यांचें युद्ध झालें. पोर्ट आर्थर बंदरासमोर दोघांनींही सुरुंग पेरले. १३ एप्रिल रोजीं रशियाचें ‘पेत्रोपाव्हलोव्स्क’ हें लढाऊ जहाज ॲडमिरल माकारोव्ह यांच्यासह बुडालें. प्रसिद्ध चित्रकार व्हेरेश्चागिन हेही त्याच जहाजावर होते. पुढच्याच महिन्यांत जपानचीं दोन मोठीं लढाऊ जहाजें तशींच गेलीं. ही झाली लढणारांची गोष्ट. पण दोर तुटलेले सुरुंग वाहत वाहत चीनच्या किनाऱ्यावर गेले. चीन त्या युद्धांत नव्हता. इ. स. १९०७ सालीं हेग येथें राष्ट्रांची परिषद भरली तेव्हां चीनच्या प्रतिनिधींनीं सांगितलें कीं, युद्ध संपल्यानंतरही आमचे पांचशें-सहाशें लोक, कोळी व किनाऱ्यावरील व्यापारी नावाडी, या सुरुंगांनीं मेले आहेत. त्या परिषदेनें नियम केला कीं, दोर तुटलेला सुरुंग आपोआप निरुपद्रवी झाला पाहिजे, आणि मुळांतच मोकळा सोडलेला सुरुंग एका तासाच्या आंत निकामी झाला पाहिजे. नियम चांगला आहे. तो सर्वत्र पाळला गेला असता तर मजजवळ पुढें लिहिण्यासारखें थोडें कमी राहिलें असतें.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभींच एक नवी आपत्ति आली. इंग्लंडच्या बंदरांसमोर झाडलेल्या पाण्यांतही जहाजें फुटूं लागलीं. तारेला कांहीं लागत नसे, आणि तरी स्फोट होत. २३ नोव्हेंबर १९३९ रोजीं शूबरीनेस येथें ओहोटीच्या चिखलांत विमानांतून पडलेला एक सुरुंग आयता सांपडला. जॉन ऑव्हरी नांवाच्या आरमारी अधिकाऱ्यानें एका सोबत्यासह तो उघडण्याचें काम पत्करलें. दुसरे दोघे सोबती दूर उभे राहून प्रत्येक कृति टिपून घेत होते. हेतु हा कीं, काम फसलें तर कोणत्या पायरीवर फसलें हें पुढच्या माणसास कळावें. लोखंडी हत्यार वर्ज्य होतें. काम फसलें नाहीं. आंत एक चुंबकसूची निघाली. पोलादी जहाज बांधलें जातांना पृथ्वीच्या चुंबकत्वानें स्वतःच एक मोठा लोहचुंबक बनतें. तें वरून जातांच ती सूची हलते व विजेचा मार्ग जुळतो. असा सुरुंग तळाशीं पडून राहतो, त्याला दोर नाहींच, मग तार कापणार काय? रोग समजल्यावर औषध निघालें. जहाजाभोंवतीं तारेचें वेटोळें गुंडाळून त्यांतून वीज खेळविली म्हणजे जहाजाचें चुंबकत्व फिटतें. आणि सुरुंग काढणारीं जहाजें पाण्यांतून लांब तारा ओढीत त्यांत जोराची वीज सोडूं लागलीं, जेणेंकरून सुरुंगाला वाटावें कीं जहाजच आलें. लागलीच शत्रूनें आवाजानें फुटणारे सुरुंग काढले. पुढें जहाजाखालील पाण्याचा दाब बदलला कीं फुटणारे निघाले. आणि कांहींना तर असें मोजमाप शिकविलें कीं, पहिलीं अमुक जहाजें जाऊं द्यावीं व पुढच्यास धरावें. त्यामुळें एकदां झाडलेली वाट पुन्हां पुन्हां झाडणें भाग पडलें.

आतां आपल्या घरच्या जहाजांकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी आरमारास सुरुंग काढणाऱ्या जहाजांचा एक ताफा मिळाला. त्यांतील एकाचें नांव ‘कोंकण’ होतें. तें इंग्लंडांत ‘टिलबरी’ म्हणून बांधलें गेलें व हिंदी आरमारांत येतांना त्यास हें नांव मिळालें. ऑस्ट्रेलियांत बांधलेलीं ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ व ‘बेंगाल’ हीं तीन जहाजेंही याच कामासाठीं होतीं. पैकीं ‘बेंगाल’नें ११ नोव्हेंबर १९४२ रोजीं हिंदी महासागरांत जो पराक्रम केला तो विषयांतर करूनही सांगण्यासारखा आहे. ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीस तें असतां दोन मोठीं सशस्त्र जपानी जहाजें चालून आलीं. ‘बेंगाल’वर नांव घेण्यासारखी एकच लहान तोफ. तरी तें पळालें नाहीं. ‘ओंडिना’चीही एक तोफ होती. झुंजींत ‘होकोकू मारू’ हें जपानी जहाज स्फोट होऊन बुडालें, आणि आपलीं दोन्ही जहाजें मोडकीं तोडकीं होऊन कां होईना, बंदराला लागलीं.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकांत लांकडी बांधणीचीं लहान जहाजें आलीं, कारण लांकडाला चुंबकाची भीति नाहीं. ‘कारवार’, ‘काकिनाडा’, ‘बेसीन’, म्हणजे आपली वसई, अशीं त्यांचीं नांवें होतीं. सुरुंग काढणाऱ्या जहाजांना किनाऱ्यावरील गांवांचीं नांवें देण्याचा हा प्रघात मला फार आवडतो. १९७८ ते १९८८ या काळांत रशियांतून बारा मोठीं जहाजें घेतलीं; त्यांत ‘रत्नागिरी’ होतें व ‘कोंकण’ हें नांव दुसऱ्यांदा होतें. त्याच सुमारास काचतंतूंच्या बांधणीचीं सहा लहान जहाजें आलीं, त्यांपैकीं एक ‘मालवण’. नव्या रीतींत तार ओढण्यापेक्षां शोधण्यावर भर असतो. पाण्यांत ध्वनि सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळावरील वस्तु ओळखावी, मग दुरून चालविलेलें यंत्र खालीं पाठवून तिच्यापाशीं लहान स्फोटक ठेवावें. काम सुरक्षित झालें, पण मंद झालें. कारण तळावर खडक, मोडक्या होड्या, टाकलेलीं पिंपें यांचाही प्रतिध्वनि येतो, आणि प्रत्येकाची चौकशी करावी लागते. इ. स. २००३ सालीं इराकच्या उम्म कस्र बंदरांत अमेरिकनांनीं शिकविलेले डॉल्फिन मासे यासाठीं वापरले होते. (मासे म्हटलें खरें, विज्ञानाचे शिक्षक रागावतील. डॉल्फिन सस्तन आहेत.)

कोणी म्हणेल, हीं जुन्या युद्धांचीं जुनीं शस्त्रें. तसें नाहीं. १४ एप्रिल १९८८ रोजीं इराणच्या आखातांत अमेरिकेचें ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्‌स’ हें अगदीं नवें जहाज ज्या सुरुंगानें दुभंगण्याच्या बेतास आलें, त्याचा नमुना रशियांतील १९०८ सालचा होता. तोच गोळा, तींच शिंगें. एका सुरुंगाची किंमत जहाजाच्या दुरुस्तीच्या खर्चापुढें नगण्य. आणि १९२२ नव्हे, २०२२ सालच्या मार्च महिन्यांत काळ्या समुद्रांतून वाहत आलेला सुरुंग बॉस्फरसच्या तोंडाशीं सांपडला, तेव्हां तुर्कस्तानच्या सरकारला त्या किनाऱ्यावरील रात्रीची मासेमारी बंद करावी लागली. पोर्ट आर्थरच्या चिनी कोळ्यांची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. पुढें जुलै २०२४ पासून तुर्कस्तान, रुमानिया व बल्गेरिया यांचीं जहाजें मिळून तो समुद्र झाडूं लागलीं.

दिवाळ्याहून होडी सोडली तर खाडीच्या बाहेर एका बाजूस तुर्भ्याचे तेलाचे धक्के, समोर घारापुरी, आणि डाव्या हातास न्हावा-शेव्याच्या बंदराचे उंच यारी-दोर दिसतात. हें बंदर १९८९ सालीं सुरू झालें, व आज देशांत पेट्यांतून येणाऱ्या मालाचा मोठा भाग त्यावाटे येतो. या सर्वांची समुद्राकडे जाणारी मुख्य वाट एकच आहे आणि ती खोदून राखलेली अरुंद वाट आहे. तिच्यांत सुरुंग आहे अशी नुसती आवई उठली तरी विमा कंपन्या दर वाढवितील, जहाजें बाहेर नांगरून राहतील, आणि मासळीच्या होड्यांना तर बाहेर पडण्याचीच बंदी होईल. ज्याच्या घरीं रोजच्या डोलीवर चूल पेटते त्याला अशा बंदीचा एकेक दिवस काय असतो, हें त्या घरच्या मुलांना सांगावें लागत नाहीं.

जाळ्यांत कधीं अनोळखी लोखंडी वस्तु आली, मग ती शिंगांची असो वा नसो, तर तिला हातोडा लावूं नये, भंगारवाल्याच्या लोभानें घरीं आणूं नये. दोर सोडून द्यावा, जागेची खूण लक्षांत ठेवावी आणि पोलिसांस अथवा तटरक्षक दलास कळवावें. जाळें गेलें तर नवें विणतां येतें.

रशियांतून आलेल्या त्या बारा जहाजांपैकीं शेवटचें, ‘कोळिकोड’, २०१९ सालीं निवृत्त झालें, आणि तेव्हांपासून आपल्या आरमारापाशीं या वर्गाचें जहाज उरलें नाहीं. कोरियाच्या मदतीनें गोव्यांत बारा जहाजें बांधण्याचा बेत पुष्कळ वर्षें रेंगाळून त्याआधींच सोडून देण्यांत आला होता. जुलै २०२५ मध्यें संरक्षण मंत्रालयाच्या समितीनें सुरुंग शोधून काढणारीं जहाजें देशांतच बांधून घेण्यास तत्त्वतः मान्यता दिली. मान्यतेपासून जहाज पाण्यांत उतरेपर्यंत किती पाणी वाहतें हें ठाऊक असल्यामुळें, आज या शाळेंत पांचवींत असलेली मुलेंच कदाचित् त्यांवर पहिलीं खलाशी म्हणून चढतील. ‘मालवण’ हें नांव मात्र त्यांना मिळणार नाहीं. तें पाणबुड्या शोधणाऱ्या एका नव्या जहाजास २०२३ सालींच देण्यांत आलें आहे. ‘कोंकण’ अद्याप मोकळें आहे.